मापाची बाई

७ फेब्रुवारी

टाचणी,

अकरा वर्षांनी पत्र लिहायचं तर सुरुवात 'कशी आहेस'ने करायची असते, एवढं मला कळतं. पण तू कशी आहेस ते मला आत्या दर महिन्याला सांगते आणि मी कशी आहे ते तुलाही तीच सांगत असणार, तेव्हा दोघींनी काही माहीत नसल्याचं सोंग कशाला आणायचं? पत्ताही तिनेच दिला. देताना म्हणाली, "लिही, पण भांडू नकोस." मी म्हटलं, मी कधी भांडले? तर तिने फोनच ठेवला.

मुद्द्यावर येते. मला एक विचारायचंय आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला विचारण्यात अर्थ नाही, याचाच मला संताप आलाय.

मी छातीचं ऑपरेशन करून घेतेय. हस. पोटभर हसून घे, मी थांबते.

झालं? तर ऐक. मला वाटलं होतं, जायचं, डावीकडे एक उजवीकडे एक इम्प्लांट घालून घ्यायचं आणि घरी यायचं. सर्जनबाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असेल. तिने मला कमरेपर्यंत उघडी करून आरशासमोर उभी केली, जांभळं पेन काढलं आणि शाळेत फळ्यावर लिहितात तसं माझ्यावर लिहायला लागली. म्हणाली, "नुसतं इम्प्लांट घातलं तर भरीवपणा येईल, पण जागा बदलणार नाही. निपल खालच्या घडीच्याही खाली गेलंय. भरलेलं दिसेल, पण खालीच दिसेल. जोडीला लिफ्ट करावी लागेल." लिफ्ट म्हणजे जास्तीची कातडी कापायची आणि उरलेली वर ओढून शिवायची. मग तिने रेघा मारल्या. एक गोल, तिथून एक सरळ खाली आणि खाली घडीतून एक आडवी.

मी आरशात बघितलं आणि राहवलंच नाही. म्हटलं, "बाई, डाव्या बाजूचा टक्स तिरका पडलाय."

तिने बघितलं. खरंच अर्धं बोट तिरका होता. स्पिरिटने पुसून पुन्हा काढला आणि मग विचारलं, "तुम्ही काय काम करता?" मी म्हटलं, "ब्रा बेतते. सत्तावीस वर्षं." त्यानंतर प्रत्येक रेघ काढली की ती माझ्या तोंडाकडे बघायची.

तर घोळ असा आहे. दोन्ही एकदम केलं तर एकदाच भूल, एकदाच दुखणं. पण तिनेच सांगितलं, इम्प्लांट कातडी आतून ताणतं आणि लिफ्ट तीच कातडी आवळते, म्हणून दोन्ही एकत्र केलं की काहीतरी बिघडून पुन्हा टेबलावर यायची शक्यता जास्त. वेगवेगळं केलं तर दोनदा भूल आणि मध्ये सहा-आठ महिने. नुसतं भरलं तर व्रण जवळजवळ नाहीत, पण मग ते खाली लोंबणार. आणि हे सगळं सांगून झाल्यावर पेनाला टोपण लावत म्हणते, "निर्णय तुमचा." मी मनात म्हटलं, अगं बाई, मला निर्णय घेता येत असता तर मी तुझ्याकडे कपडे काढून उभी राहिले असते का? दहा मार्चपर्यंत सांगायचंय. तेवीस मार्चची तारीख तिने धरून ठेवलीय.

तुझ्या भावोजींना विचारलं. ते म्हणाले, "तुला जे वाटेल ते." नळ गळत होता तेव्हाही हेच म्हणाले होते.

तू यातून गेलीयेस, एकदा नाही, दोनदा. तेव्हा एवढंच लिही, इम्प्लांट आणि लिफ्ट एकत्र करू की नको. हो किंवा नाही. एक ओळ पुरे. बाकीचं भांडण आपण जसंच्या तसं ठेवू.

ताई


१५ फेब्रुवारी

टाचणी,

आठ दिवस झाले. पत्र पोचलंय, मी आत्याला विचारलं. तू काही बोलली नाहीस म्हणे, फक्त "आलंय" म्हणालीस. वा.

तुला वाटत असेल हिला पन्नाशीत हे काय सुचलं. तर मी हे स्वतःसाठी करतेय. तिथल्या नर्सलाही मी हेच सांगितलं, तुझ्या भावोजींनाही हेच आणि कागदावर 'कारण' असं लिहिलेलं होतं तिथेही हेच. आंघोळ करून आरशात बघितलं की बरं वाटावं, इतकंच. त्यात काय चूक आहे?

इथे काय गंमत झाली ते सांगते, तुला नाही तरी कोणाला सांगू? दवाखान्यातून दोन नमुन्याची इम्प्लांट दिली होती, घरी ब्रामध्ये घालून बघायला, कितपत आकार झेपतो ते कळावं म्हणून. मी म्हटलं, घरी कशाला? उभं राहून आठ तास काम तर कारखान्यात करते. तर घालून गेले. दुपारपर्यंत ठीक होतं. मग पुठ्ठ्यावर वाकून गोलाई काढताना डावीकडचं सटकलं आणि टेबलावर पडलं, पच्चकन. मी खालची कातर उचलत होते, मला कळलंच नाही. मान वर करते तर मालकीणबाई समोर. त्यांनी ते उचललं, दाबून बघितलं, म्हणाल्या, "नवीन पिनकुशन का? छान आहे," आणि ब्लाउजच्या गळ्याला लावलेल्या दोन सुया काढून त्यात टोचून ठेवल्या.

मी काय बोलणार? "हो," म्हटलं. दिवसभर एका बाजूला चढ आणि एका बाजूला उतार घेऊन काम केलं. आता दवाखान्यात जाऊन काय सांगायचं ते तूच सुचव.

पण त्या दिवशी एक कळलं. ते आत असताना भरलेलं दिसत होतं आणि तरीही माझ्या ब्राचा पट्टा खांद्यात रुतत होता. वजन वाढलं, जागा तीच. सर्जनबाईचं बरोबर आहे तर. मी आयुष्यभर बायकांना सांगत आले की कप मोठा घेतला म्हणजे छाती वर येत नाही, आणि स्वतःची वेळ आली तर हेच मला दुसऱ्या कोणीतरी पेन घेऊन सांगावं लागलं.

आत्या म्हणते तू आता पडदे शिवतेस. मोठं दुकान आहे म्हणे, दोन मशिनी. शहाणी आहेस. पडद्याला टक्स नाही, कप नाही आणि तो 'मला हे बसत नाही' म्हणत परतही येत नाही.

हो किंवा नाही. तेवढं तरी लिही.

ताई


२४ फेब्रुवारी

टाचणी,

तू उत्तर देत नाहीस म्हणून मी जास्त लिहितेय असं समजू नकोस. काल जे झालं ते कोणाजवळ तरी बोलायलाच हवं आणि ते समजेल असं माणूस या जगात एकच आहे, ते नेमकं माझ्याशी बोलत नाही.

तू गेल्यावर मापाची बाई मीच झाले, हे आत्याने सांगितलं असेलच. दर सोमवारी नवीन नमुना आधी माझ्या अंगावर चढतो, मग बाकीची मापं त्यावरून निघतात. तुझ्या वेळी तू स्टुलावर उभी राहायचीस आणि मी खडू घेऊन तुझ्याभोवती फिरायचे. आता मीच उभी राहते, मीच आरशात बघते, मीच खडूची खूण करते आणि मीच बेतते. मालकीणबाई खूश होत्या, एका बाईत दोन कामं. मीही खूश होते. माझ्या नमुन्यात कधी चूक निघत नव्हती ना! पहिल्याच फेरीत झकास बसायचा. मी सगळ्यांना सांगायचे, अकरा वर्षांत एक नमुना दुसऱ्यांदा शिवावा लागला नाही.

गेल्या वर्षापासून दुकानांतून माल परत यायला लागला. "वरून रिकामा राहतो." "पट्टे कितीही आवळले तरी खाली येतो." मी म्हटलं, इलास्टिक खराब आलंय. मग म्हटलं, शिवणाऱ्या बायका लक्ष देत नाहीत. दोघींना तर मी रडवलं.

काल मालकीणबाईंनी गोदामातून एक जुना डबा आणवला. त्यात तुझ्या शेवटच्या हंगामातला नमुना होता, क्रीम रंगाचा, आठवतोय? त्यांनी तो टेबलावर पसरला आणि शेजारी माझा या महिन्याचा. दोन्हींवर एकच माप लिहिलेलं. मग टेप माझ्या हातात दिली.

कपचं टोक तीन सेंटिमीटर खाली आलंय, टाचणी. तीन. दर हंगामाला मी ते दोन-तीन मिलिमीटर खाली घेत गेले, कारण आरशात तेच बरोबर दिसत होतं. माझं अंग उतरत गेलं आणि माझ्यामागोमाग सगळ्या कारखान्याचा माल उतरत गेला. आणि मी अभिमानाने सांगत होते की माझा नमुना चुकत नाही! माझ्या अंगावर माझा नमुना कसा चुकेल?

मालकीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मापाची बाई नवीन बघू आपण. तुम्ही बेतत राहा." मी म्हटलं, "मला एप्रिलपर्यंत वेळ द्या." त्यांनी विचारलं, "एप्रिलमध्ये काय होणार आहे?" मी म्हटलं, "बघालच."

आता तुला कळलंच असेल. सर्जनबाईकडे मी पहिल्यांदा कधी गेले, तर माल परत आल्याची पहिली चिठ्ठी आली त्याच आठवड्यात. कागदावर मी 'स्वतःसाठी' लिहिलंय. खोटं लिहिलंय.

हे वाचून तुला काय आठवत असेल ते मला माहीत आहे. मलाही कालपासून तेच आठवतंय. ते आज नाही लिहीत.

ताई


३ मार्च

टाचणी,

आज लिहिते. दोनदा लिहून फाडलं, आता जसं येईल तसं.

तुझी जुळी मुलं दूध प्यायची थांबली आणि तू सोमवारी पुन्हा स्टुलावर उभी राहिलीस, तेव्हा कुठलाच नमुना तुला बसेना. मी दर सोमवारी म्हणायचे, "नीट उभी राहा गं. खांदे मागे घे." जसं काही तू मुद्दाम करत होतीस. एकदा तर मी तुझ्या कपात कापसाचे बोळे कोंबले आणि म्हटलं, "आता बघ, अशी होतीस तू."

मग एका दुपारी तू बेतायच्या टेबलापाशी आलीस. जेवणाची सुट्टी होती. म्हणालीस, "ताई, मी डॉक्टरकडे जाऊन आले. ते म्हणतात नुसतं भरून भागणार नाही, उचलावंही लागेल. तुला काय वाटतं? दोन्ही करू की नुसतं भरू?"

मी पुठ्ठा कापत होते. वर बघितलंही नाही. म्हटलं, "नुसतं भर. कापाकापी कशाला?"

टाचणी, मला तेव्हाही माहीत होतं. रिकामा कप खालून भरला की तो खालीच राहतो, हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षापासून माहीत आहे, माझं पोट त्यावर चालतं. मी तसं का म्हटलं ते अकरा वर्षं मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. कापलं असतं तर तू दोन महिने आली नसतीस. नुसतं भरलं तर तीन आठवड्यांत उभी राहशील, असा माझा हिशोब होता. हंगामाचे नमुने अडले होते. मला तू सोमवारी हवी होतीस.

तू माझं ऐकलंस. डॉक्टरचं सोडून माझं ऐकलंस, कारण मी ताई आणि त्यातून बेतणारी. आणि परत आलीस तेव्हा टेप फिरवली तर घेर सहा सेंटिमीटरने वाढलेला आणि टोक होतं तिथेच. तेव्हा मी काय केलं? टेप जमिनीवर आपटली आणि पंचवीस बायकांसमोर ओरडले, "हे काय करून आलीस? हे कुठल्याच मापात बसत नाही!"

मशिनी थांबल्या होत्या. तू शर्टाची बटणं लावलीस, वरपासून खालपर्यंत, एकही न चुकता, आणि गेलीस.

दोन वर्षांनी पुन्हा ऑपरेशन झालं हे आत्याने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "तिने आधीच नीट विचारून करायला हवं होतं." हे मी म्हटलं.

मी चुकले असं लिहायला बसले होते, पण ते फार छोटं दिसतंय कागदावर. मी तुझं वाटोळं केलं आणि वर तुलाच झापलं. माझी मलाच लाज वाटते. तू माफ करावंस म्हणून लिहीत नाही, तुझं तू बघ. मला फक्त ते एकदा माझ्या हाताने लिहायचं होतं.

आणि आता मी तोच प्रश्न तुला विचारतेय, शब्दही तेच. निर्लज्जपणा म्हण हवं तर. दहा तारखेला उत्तर द्यायचंय आणि तू मान वर करून माझ्याकडे बघावंस असा काही माझा हक्क नाही.

ताई


७ मार्च

ताई,

चारही पत्रं मिळाली. पहिलं वाचून ड्रॉवरमध्ये टाकलं. दुसऱ्यात त्या सुयांचं वाचलं आणि दुकानात एकटीच हसत सुटले. मग हसल्याचा इतका राग आला की लिहायचंच नाही ठरवलं.

एकत्र की वेगळं ते मी सांगणार नाही. ते तुझी सर्जनबाई सांगेल. दुसऱ्या वेळच्या डॉक्टरीणबाईने मला जे करायला लावलं ते सांगते. आरशासमोर उभी राहा, अंगावर काही नको. दोन्ही हातांनी वर उचल आणि जिथे असायला हवं तिथे धर. आता बघ. एवढं पुरेसं वाटतंय? मग भरायचं काही नाही, नुसतं उचलायचंय. वर धरूनही रिकामं वाटतंय? मग इम्प्लांटचा विचार कर. दोन मिनिटांचं काम आहे. पहिल्या वेळी मला हे कोणी सांगितलं नाही. मी तुलाच विचारलं होतं.

मला पुरेसं वाटलं होतं. म्हणून दुसऱ्या वेळी इम्प्लांट काढून टाकली आणि नुसतं उचलून घेतलं. व्रण आहेत. फिके झालेत, पण दिसतात. मला चालतात.

हात लावायच्या आधी एक ठरव. कोणासाठी करतेयस? मी सोमवारसाठी केलं होतं. ते करू नकोस. बाकी तुला हवं ते कर.

शेवटचं पत्र चार वेळा वाचलं. त्यावर काय लिहायचं ते अजून सुचत नाही.

टाचणी


९ मार्च

टाचणी,

तुझं पत्र आज सकाळी आलं आणि मी कामावर जायच्या आधीच न्हाणीघरात शिरले. केलं तू सांगितलंस तसं. कडी लावायची राहिली होती. तुझे भावोजी दाढीचं सामान घेऊन आत आले तर मी अशी, दोन्ही हातांत धरून, आरशासमोर. "काय करतेयस?" म्हणाले. मी म्हटलं, "निर्णय घेतेय." ते दारातच उभे राहिले. मला वाटलं आता म्हणतील, तुला जे वाटेल ते. तर म्हणाले, "थोडा उजवा वर घे." बत्तीस वर्षांत पहिल्यांदा या माणसाने मत दिलं आणि ते बरोबर होतं.

पुरेसं आहे, टाचणी. वर धरलं तेव्हा काहीच कमी वाटलं नाही. आधी मालकीणबाईंचा विचार करून बघितलं, मग दुकानांचा, मग कोणाचाच नाही. तिन्ही वेळा पुरेसंच होतं. इतके महिने मी जे भरायला निघाले होते ते रिकामं नव्हतंच.

सर्जनबाईला फोन केला. म्हटलं, इम्प्लांट नको, नुसती लिफ्ट. ती म्हणाली, "मलाही तेच बरं वाटत होतं, पण तुम्ही पहिल्या दिवशी आल्या आल्या म्हणालात की मला भरायचंय, दुसरं काही सांगू नका." म्हणाले असेन. नमुन्याच्या इम्प्लांटचंही सांगून टाकलं. ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

मग कारखान्यात गेले. सोमवारच होता. नवीन नमुना टेबलावर तयार होता आणि स्टूल ठेवलेलं होतं. मी त्यावर चढले नाही. तुझा क्रीम नमुना काढला, उसवून सपाट केला, त्यावरून नवा पुठ्ठा कापला आणि टोक होतं तिथे नेऊन ठेवलं. मालकीणबाईंना सांगितलं, मापाची बाई नवीन बघा, एप्रिलपर्यंत थांबायची गरज नाही. आणि एक नको, दोन बघा, एक पंचविशीतली आणि एक माझ्या वयाची, कारण माझा उतरलेला नमुना कोणालाच बसत नव्हता असं नाही, जिला बसत होता तिने परत पाठवला नाही एवढंच. ज्या दोघींना रडवलं होतं त्यांची माफी मागितली. एकीने "असू दे" म्हटलं, दुसरी अजून फुगलीय. बरोबरच आहे तिचं.

आता शेवटचं. दवाखान्याचा फॉर्म भरतेय. त्यात एक रकाना आहे, ऑपरेशननंतर चोवीस तास सोबत राहणारी व्यक्ती. तुझे भावोजी यायला तयार आहेत, पण मी कण्हत असताना हा माणूस शेजारी बसून पेपर वाचणार आणि नर्सने काही विचारलं की माझ्याकडे बोट दाखवणार. मी तुझं नाव लिहिलंय. तुला न विचारता लिहिलंय, माझी खोड तुला माहीत आहे. शाईने लिहिलंय, पण खोडता येतं. नात्याच्या रकान्यात 'धाकटी बहीण' लिहिलं आणि पेन तिथेच अडलं, पुढचं भरायला पाच मिनिटं लागली.

तू नाही आलीस तरी मी आत जाईन, ते ठरलंय. पण तू यावंस असं मला फार वाटतं.

तेवीस तारीख, सकाळी सात. सोमवार आहे. येताना टेप आणू नकोस.

ताई